गोधड्यांतला लॅपटॉप

आमच्या घरी स्क्रूड्रायव्हर आता गव्हाच्या कोठीमागे असतो. आमच्या हिनं तो तिथं लपवलाय आणि मला ते ठाऊक नाही अशी तिची समजूत आहे. ठाऊक आहे, पण मी तो काढत नाही. गेल्या श्रावणात मी सुनेचा लॅपटॉप दुरुस्त केला, तेव्हापासून घरातल्या कुठल्याही वस्तूकडे मी जरा रोखून पाहिलं की कुणीतरी ती वस्तू उचलून आतल्या खोलीत नेतं. गजराचं घड्याळसुद्धा.

मी शिक्षक नव्हतो हे आधीच सांगून टाकतो, कारण लोणखेड्यात मला सगळे 'सर' म्हणतात आणि मी एकदाही कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं सहाय्यक होतो. काचेची भांडी पुसायची, मांडायची, परत कपाटात ठेवायची आणि कुलूप लावायचं. एखाद्या पोराच्या हातून परीक्षानळी फुटली की मी अख्ख्या वर्गासमोर त्याची हजामत करायचो. "डोळे काय घरी ठेवून आलास?" हे माझं ठरलेलं वाक्य. पोरं माझ्यामागे माझी नक्कल करायची, ती मी कपाटाच्या काचेत पाहायचो आणि मनातून खूष व्हायचो.

तर असा मी काचेच्या बाबतीतला अधिकारी माणूस. आता माझा पराक्रम ऐका.

आमच्याकडे सासरा आणि सून एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण नाही, काही नाही, रीत आहे. सासऱ्यानं घरात शिरताना खाकरायचं, सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि आत जायचं. काही सांगायचं असलं तर मध्ये सासू असते. मी बसलोय ओट्यावर, सून उभी दाराआड, दोघांत चार हात अंतर, आणि मी हिला म्हणणार, "तिला म्हणावं चहा चांगला झालाय." ही वळून म्हणणार, "आबा म्हनतस चहा चांगला व्हयना." सुनेनं ते आधीच ऐकलेलं असतं. लग्न ठरताना मी व्याह्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "आमच्याकडे असलं काही नाही हो, मुलीसारखीच राहील." आणि मग पहिल्या दिवशीच घरात शिरताना असा खाकरलो की शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं.

सून नाशिकला वाढलेली. तिला अहिराणी कळते, बोलताना अडखळते. लग्नाआधी पुण्यात चांगली नोकरी होती तिला. पण पहिल्या वर्षाचे सगळे सण सासरीच झाले पाहिजेत असा हट्ट मी धरला. अक्षय्यतृतीया झाली, कानबाई झाली, पोळा झाला, दिवाळी झाली. प्रत्येक वेळी रजा वाढवायला लावली. दिवाळीनंतर कंपनीनं तिला घरीच बसवलं. मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "आबा, तिची नोकरी गेली." मी म्हटलं, "मिळेल दुसरी." दुसरी काही झाडाला लागलेली नव्हती. पुढं कितीतरी महिने ती घरी बसून होती, आणि मी इकडे ओट्यावर बसून लोकांना सांगत होतो की आमची सून फार शिकलेली आहे.

मग तिला एका कंपनीचं घरून करायचं काम मिळायची संधी आली. सहा महिने लॅपटॉपवरच शिकवत होते, शेवटी परीक्षा. पास झाली तर कायम, नाहीतर राम राम. परीक्षेचा दिवस नेमका कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार, सकाळी अकरा वाजता. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली कुळाची देवी. श्रावणात एका रविवारी ती घरी बसते, नैवेद्याला गव्हाचे रोट होतात, आणि कुळातला माणूस जिथं असेल तिथून त्या दिवशी घर गाठतो. मुलानं भीत भीत विचारलं होतं, या वर्षी सून पुण्यातच राहिली तर? मी म्हटलं, "परीक्षा इथूनही देता येते. लोणखेड्यात वीज नाही का?" झालं. बिचारी आठ दिवस आधीच आली, लॅपटॉप घेऊन. मुलाला रजा नव्हती, तो सोमवारी पहाटे येणार होता.

कानबाई बसायच्या आधी घराला चुना लागतो. सून आली त्याच रविवारी रंगारी बैठकीच्या खोलीत होता. लॅपटॉप स्टुलावर. मला वाटलं, चुन्याचा शिंतोडा उडेल. कुणी सांगितलं होतं मला? कुणी नाही. पण काचेच्या वस्तूची काळजी घ्यायची बत्तीस वर्षांची सवय! मी माझं धुतलेलं उपरणं काढलं, लॅपटॉप त्यात छान गुंडाळला आणि पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या गोधड्यांच्या चळतीत, वरून दुसऱ्या गोधडीखाली, सरकवून दिला. माझ्या हुशारीवर मी इतका खूष झालो की भाकरी दोन जास्त खाल्ल्या. मग दुपारी डोळे जड झाले. खाटा सगळ्या अंगणात काढलेल्या. चळत होती गुडघ्याएवढी, मऊ, सावलीत. मी जाऊन तिच्यावर बसलो.

माझं वजन मी सांगणार नाही. गोधडीखालून 'कर्र' असा आवाज आला, वाळलेला पापड मोडावा तसा. मी बसूनच राहिलो. उठलो तर खरं ठरेल असं काहीतरी त्या वेळी डोक्यात आलं असावं. शेवटी उठलो, उपरणं सोडलं, झाकण उघडलं. काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडे, मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग. तिची परीक्षा डोळ्यासमोर आली. आधीची नोकरी माझ्या सणांनी खाल्ली होती, ही माझ्या बुडानं खाल्ली.

आता सभ्य माणूस काय करील? हाक मारील, सांगेल. मी लॅपटॉप बंद केला, उपरण्यानं पुसला, स्टुलावर होता तसा ठेवला आणि मिरचीची रोपं पाहायला शेतात निघून गेलो. रोपं उत्तम होती. मी ती संध्याकाळपर्यंत पाहिली.

घरी आलो तेव्हा ही ओट्यावरच उभी. "आयकं का? लॅपटॉप फुटना!"

"कसा काय?" मी विचारलं. माझा चेहरा त्या वेळी कसा दिसत असेल याचा मी आजही विचार करत नाही.

ही आत वळली. "कसा फुटना वं?"

दाराआडून सुनेचा आवाज आला. "माझ्या हातून पडला."

मी थक्क. पडला? मी बसण्याआधीच पडला होता की काय? क्षणभर मला मनापासून तसं वाटलं. म्हणजे तसं वाटून घ्यायला मला फार आवडलं. देवानंच मार्ग काढला म्हणायचं! आणि माझ्या तोंडून, मला न विचारता, माझं जुनं वाक्य बाहेर पडलं, "डोळे कुठं होते म्हणावं?" हिनं ते आत पोचवलंही.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला हवं. पण लागली, आणि चांगली लागली. तेच वाईट आहे.

सकाळी शहाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं लॅपटॉप उघडला, तोंडानं 'च्च' केलं आणि जो आकडा सांगितला त्यात आमच्याकडे एक बरी शेळी येते. वर म्हणाला, "नवी स्क्रीन सुरतहून मागवावी लागेल. दहा-बारा दिवस धरा." दहा-बारा दिवस! परीक्षा आठव्या दिवशी. दुसरा लॅपटॉप चालत नव्हता, परीक्षेची नोंद याच यंत्रावर झालेली. वायर लावून चित्र टीव्हीवर दिसत होतं आणि सून अभ्यास तसाच करू लागली होती, पण परीक्षेच्या वेळी दुसरा पडदा जोडलेला चालणार नव्हता. हे सगळं मला हिच्यामार्फत कळलं.

मी घरी येऊन जाहीर केलं, "मी बसवतो स्क्रीन. नवी ऑनलाइन मागवू, पाचव्या दिवशी येते. चार स्क्रू तर काढायचे! बत्तीस वर्षं काय केलं मी?" खरं तर बत्तीस वर्षं मी कपाटाला कुलूप लावलं होतं. पण हिच्या डोळ्यात माझ्याबद्दल जे काही दिसलं ते लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होतं, त्यामुळे मी थांबलो नाही. मोठे भाऊ शेजारीच राहतात, ते येऊन म्हणाले, "वा भाऊ, सुनना करता इतला करस, असा सासरा पाह्यजे." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

स्क्रीन मागवायची म्हणजे माप हवं. मी शिंप्याची टेप आणली, तिरपं माप घेतलं, मोबाइलवर तसल्याच तोंडवळ्याची स्क्रीन शोधली, आणि त्यातली सगळ्यात स्वस्त मागवली. टीव्हीमुळे बैठक सुनेची झाली होती आणि मी ओट्यावर हद्दपार. येणारे-जाणारे खिडकीतून टीव्ही बघत आणि विचारत, "कोनती मालिका शे?" पडद्यावर नुसते आकड्यांचे रकाने. मी म्हणायचो, "सुनेचा अभ्यास चाललाय." आत तिची पाठ दिसायची. रात्री जेवणं झाली तरी ती तिथंच, मान मोडून. एकदा तिनं पदरानं डोळे पुसले. टीव्ही जवळून पाहिला की डोळ्यांना पाणी येतंच, असं मी स्वतःला समजावलं.

शनिवारी सकाळी स्क्रीन आली. मी ओट्यावर सतरंजी टाकली, चष्मा पुसला, एसटीच्या सवलतीचं कार्ड चौकटीच्या फटीत घालून प्लास्टिक उचकटायला सुरुवात केली. एकेक खटका 'टक' म्हणून सुटत होता. त्यातले काही सुटले आणि काही तुटले, आवाज सारखाच येतो. चौकट निघाली. चार स्क्रू काढले, त्यातला एक ओट्याच्या भेगेत गेला तो अजून तिथंच आहे. फुटकी काच पुढं झुकवली, मागची वायरांची चपटी पट्टी ओढून काढली आणि ती नव्या स्क्रीनला लावायला गेलो.

लागेना. मी उलटी करून पाहिली. फुंकर मारून पाहिली. नव्या स्क्रीनचं तोंड रुंद, आमची पट्टी अरुंद. तीस पिनांची पट्टी चाळीस पिनांच्या खाचेत कशी बसणार? पण माझं डोकं फिरलेलं. मी अंगठ्यानं दाबायला लागलो.

तेवढ्यात दाराआडून कुजबुज. सून काहीतरी म्हणाली, ही म्हणाली, "नको, उगी ऱ्हाय."

"काय म्हणतेय ती?" मी ओरडलो.

"काही नही."

"काही नाही कसं? बोल ना!"

मग हिनं सांगितलं. "ती सोमवारलेच म्हने व्हती, स्क्रीनना मांगे नंबर ऱ्हास, तो देखीसन मांगाडा. मी नही सांगं तुमले."

"का नाही सांगितलंस?"

"सून सासराले शिकाडी का?"

माझा असा भडका उडाला! पाच दिवस वाया, परीक्षा परवा, आणि हिनं रीत सांभाळली! बिनडोक म्हटलं, आडमुठी म्हटलं, भाऊ-वहिनी ओट्यावर आलेले, त्यांच्यासमोर आणखी काय काय म्हटलं. ही खाली मान घालून ऐकत राहिली. तिच्या हातात रोटांसाठी निवडायच्या गव्हांचं ताट होतं, ते तिनं छातीशी धरलेलं. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही ठाऊक होती. सोमवारी तिनं तो निरोप पोचवला असता, तरी मी ऐकला नसता. "मला शिकवते काय," असंच म्हणालो असतो. हिनं माझा स्वभाव पस्तीस वर्षं पाठ केलेला. पण शिव्या खाल्ल्या तिनं.

आणि मग ते झालं. दाराआडून आवाज आला, हिच्याकडे नाही, माझ्याकडे.

"आबा, जोर नका लावू. पट्टी तुटली तर मग काहीच नाही करता येणार."

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मी अंगठा काढला. खाकरलो. म्हटलं, "मग काय करू?"

"फुटक्या काचेच्या मागचा नंबर वाचा. मी दुकानदाराला फोन करते."

मी वाचायला गेलो. आकडे बारीक, चष्म्यातून दिसेनात, शेवटी तीच दोन पावलं पुढं आली आणि मोबाइलमध्ये फोटो घेऊन गेली. दुकानदाराकडे नव्हती. पण तो म्हणाला, खापरला एक दुरुस्तीवाला आहे, मेलेले लॅपटॉप जपून ठेवतो, त्याच्याकडे नक्की मिळेल. तिनं त्याचा नंबर मिळवला, त्याला फोटो पाठवला, त्यानं 'आहे' म्हणून सांगितलं. अर्ध्या तासात. मला पाच दिवसांत जमलं नव्हतं ते.

मी एसटीनं अक्कलकुव्याला आणि तिथून जीपनं खापरला. दुरुस्तीवाल्याचं दुकान बियाण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. त्यानं एका जुन्या लॅपटॉपची स्क्रीन काढून चालवून दाखवली. खालच्या कोपऱ्यात मसुराएवढा एक काळा ठिपका, बाकी उत्तम, आणि नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात. त्यानं ती दोन पुठ्ठ्यांत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून सुतळीनं बांधून दिली.

परतीची जीप आधीच भरलेली. मी एक हात टपाच्या दांडीला आणि दुसऱ्या हातानं स्क्रीन छातीशी धरून उभा राहिलो, दर खड्ड्याला 'अरे जपून, जपून' करत. मोलगीकडचा एक म्हातारा शेतकरी कोपऱ्यात बसला होता, त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठला आणि मला जागा दिली. तोडक्या मराठीत विचारलं, "देवाचा फोटो आहे?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं पुढं होऊन पुठ्ठ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग शेजारच्या दोघांनीही. मला तोंड लपवायला जीपमध्ये जागा नव्हती. उतरून चालत जावं असं वाटलं, पण गुडघे म्हणाले, बस मुकाट्यानं.

रविवारी घरात कानबाई बसायची गडबड. पुरण शिजतंय, गंगाफळाची भाजी चिरली जातेय, भाऊबंदांच्या बायकांनी स्वयंपाकघर भरलेलं. मी दुपारी बैठकीत सतरंजी टाकली. पण स्क्रीन एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पट्टी लावायची मला हिंमत होईना. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. आमच्या हिला म्हटलं, "तिला जरा पाठव."

कानबाईच्या दिवशी सुनेला चुलीपासून उठवायचं? सगळ्या बायका हिच्याकडे बघायला लागल्या. काल मी हिला भाऊ-वहिनींसमोर नाही नाही ते बोललो होतो. हिनं पुरणाच्या हातानं सुनेकडे खूण केली. "जाय. रोट मी पाही लेसु."

सून माझ्यासमोर येऊन बसली. डोक्यावर पदर, मान खाली. "बॅटरीची वायर काढली का?" तिनं विचारलं. काढली नव्हती. "नळाला हात लावून आलात का? अंगातली वीज जायला." एबोनाइटची कांडी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मी पोरांपुढं हजार वेळा मांडला असेल, आणि मला हे आठवलं नव्हतं! उठलो, नळाला हात लावला, परत बसलो. तिनं स्क्रीन दोन्ही हातांत तिरपी धरली. मी पट्टी पुढं नेली. तेवढ्यात तिचा पदर डोक्यावरून घसरला. तिनं मान झटकून तो सावरायचा प्रयत्न केला, हात तर गुंतलेले.

"राहू दे," मी म्हटलं.

ती पट्टीकडे पाहून म्हणाली, "थोडं डावीकडे. हां. आता सरळ ढकला, हळू." पट्टी बसली. बॅटरी जोडली. तिनं बटण दाबलं आणि आम्ही दोघं त्या काळ्या काचेकडे पाहत बसलो. मी आयुष्यात इतका वेळ कुठल्या सुनेच्या शेजारी बसलो नव्हतो. मग उजेड आला. खालच्या कोपऱ्यात ठिपका, बाकी लख्ख. ती एवढ्या मोठ्यानं "आई!" म्हणून ओरडली की स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका धावत आल्या, पिठाच्या हातांनी.

चौकट नीट बसली नाही. तुटलेल्या खटक्यांच्या जागी मी चिकटपट्टी लावली. ती अजून आहे.

सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन गोमाई नदीवर गेल्या आणि मी बैठकीच्या दारात खुर्ची टाकून बसलो. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरा माणूस कॅमेऱ्यात दिसला तर परीक्षा रद्द. साडेअकराला मंडळी नदीवरून परतली, वाजतगाजत. मी दोन्ही हात पसरून उभा. मोठ्या भावांना आतला पानाचा डबा हवा होता, मी त्यांना म्हटलं, "आज पान नको." त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. भर उन्हात सगळं कूळ अंगणात तासभर गप्प उभं होतं.

साडेबाराला दार उघडलं. ती म्हणाली, "झाले पास." मुलगा पुढं होता, हीही होती, पण तिनं ते सगळ्यांना एकदमच सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच नळावर जाऊन हात धुतले.

मग पंगत. रोट आणि खीर वाढली जात होती आणि माझं कौतुक चाललं होतं. दुकानदाराला जमलं नाही ते यांनी केलं, काय हात, काय डोकं. मी खिरीत बघत होतो. मग ही वहिनींना सांगू लागली, "पोरगी गुणनी शे, पन हातले धर नही वं. इतली महागनी वस्तू पाडी दिनी." सून माझ्याच पुढ्यात वाकून भाजी वाढत होती. तिचा हात थांबला नाही, चेहराही बदलला नाही. आठ दिवस ती हेच ऐकत होती, हे मला तेव्हा कुठं समजलं.

"तिनं पाडला नाही," मी म्हटलं. "मी गोधड्यांत ठेवला आणि मीच त्याच्यावर बसलो."

मग मोठे भाऊ हसायला लागले. ते हसले की त्यांना ठसका लागतो. मग सगळेच. "बठना? लॅपटॉपवर?" एका पुतण्यानं मी कसा बसलो असेन ते उठून करून दाखवलं. हायस्कूलमध्ये माझी नक्कल व्हायची तेव्हा मजा वाटायची, या वेळी नाही वाटली. पण बरं झालं. मुलगा तेवढा हसत नव्हता, आणि सून वाढायचं थांबवून उभी होती.

दुपारी पाहुणे पांगले. मी ओट्यावर होतो. सून चहा घेऊन स्वतः आली, मध्ये कुणी नाही.

"आबा, त्या दिवशी मी असाच चहा घेऊन दारात आले होते. तुम्ही गोधड्यांवर बसलात तेव्हा."

मी कप हातात घेतलेला तसाच.

"मग पडला असं का म्हणालीस?"

"मला वाटलं, मी माझ्यावर घेतलं की तुम्ही लगेच म्हणाल, नाही गं, मी बसलो." तिनं ट्रेवर सांडलेला चहा पदरानं पुसला. "तुम्ही विचारलंत, डोळे कुठं होते."

चहावर साय धरायला लागली होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

हे दोन शब्द मी आयुष्यात कुठल्या बाईमाणसाला म्हटले नव्हते. सुनेनं मान हलवली आणि रिकामा ट्रे घेऊन ती वळली. आत स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज चालला होता, तो थांबलेला. ही आतून सगळं ऐकत होती.

"आनि माले कव्हा म्हनशात?" ही म्हणाली.